मुक्कामांची वही

वर्षभरात बायबल सलग वाचायचं ठरवलेला माणूस साधारण मार्चमध्ये ‘गणना’ या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायापाशी पोचतो आणि भराभर पानं उलटतो. अध्यायात ५६ वचनं आहेत. त्यातली पहिली ४९ म्हणजे जवळजवळ नुसती यादी: अमक्या ठिकाणाहून निघाले, तमक्या ठिकाणी उतरले. इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएल लोकांची ही वाट: रामसेसपासून मवाबाच्या मैदानापर्यंत, निघाले ती जागा धरून ४२ नावं. उपदेशात हा अध्याय क्वचितच ऐकायला मिळतो. तरी दुसऱ्याच वचनात स्पष्ट म्हटलंय, की हे टप्पे त्यांच्या पुढाऱ्यानं, मोशेनं, परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहून ठेवले.

आयुष्याचा प्रवास जरा थांबून, डोळसपणे बघा, असं चर्चमध्ये आपण पुष्कळदा ऐकतो. कसं बघायचं ते सहसा कुणी सांगत नाही. डोळे मिटून ‘मागं वळून’ बघायला लागलं की दहा मिनिटांत विजेचं बिल आठवतं. हा अध्याय मात्र चक्क एक पद्धत देतो: मुक्काम लिहून काढा. ती आपल्या आयुष्याला कशी लावायची, कुठं फसते आणि का, तेवढंच इथं लिहितो आहे.

आधी मूळ यादी नीट वाचा. एकदा मोठ्यानं, नावं अडखळली तरी चालतील. पंधरा मिनिटं पुरतात. वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते चटकन लक्षात येतं. सीनायच्या पायथ्याशी लोक जवळजवळ अकरा महिने होते. दहा आज्ञा तिथं मिळाल्या, सोन्याच्या वासराची पूजा तिथंच झाली. यादीत सीनायला काय मिळालं? रफीदीमाहून निघाले, सीनायच्या रानात उतरले. सीनायहून निघाले, पुढं उतरले. बस्स. आज्ञांचा उल्लेख नाही, वासराचाही नाही. मारा इथलं पाणी कडू होतं, तेही इथं लिहिलेलं नाही. नुसतं नाव आहे. उलट एलीमला आल्यावर लेखणी थांबते आणि पाण्याचे बारा झरे, सत्तर खजुरीची झाडं मोजून सांगते. रफीदीमला प्यायला पाणी नव्हतं, हे टिपलंय. होर डोंगरावर मोशेचा भाऊ अहरोन वारला, तो चाळिसाव्या वर्षाच्या पाचव्या महिन्याचा पहिला दिवस होता आणि त्याचं वय १२३ होतं, हेही टिपलंय. म्हणजे यादीनं जपलं काय, तर कुठं पाणी होतं, कुठं नव्हतं, आणि कोण वाटेत गेलं.

आणि मध्ये रिथमापासून एस्योन-गेबेरपर्यंत ओळीनं १८ मुक्काम आहेत, ज्यांच्यापुढं एकही घटना नाही. रिम्मोन-पेरेस, लिब्ना, रिस्सा, कहेलाथा… तिथं काय घडलं, कुणाला ठाऊक नाही. लोक मात्र तिथं राहिले, चुली पेटल्या, मान्ना, म्हणजे रानात देवानं पुरवलेलं अन्न, गोळा झाला, पोरं जन्मली. माझ्या मते या अध्यायाचा जीव या अठरा नावांत आहे. आपल्याही आयुष्याचा मोठा भाग असल्याच मुक्कामांत जातो आणि चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण नेमका तोच गाळतो.

आता वही. साधी शंभर पानी, रेघांची. फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप नको. त्यात खोडलेलं दिसत नाही आणि इथं खोडलेलं दिसायला हवं. वेळ रविवारी दुपारी, उपासना किंवा मिस्सा आटोपल्यावर, पंचेचाळीस मिनिटं. रात्री अकरानंतर ही वही उघडू नये. त्या वेळी जुन्या गोष्टी असतात त्यापेक्षा मोठ्या दिसतात, आणि सकाळी जे वाटणार नाही ते आपण शाईनं लिहून बसतो.

पहिल्या रविवारी फक्त नावं लिहायची, घटना अजिबात नाहीत. मुक्काम कशाला म्हणायचं हा पहिला प्रश्न. पाचपैकी एक तरी गोष्ट बदलली असेल तर नवा मुक्काम धरा: छप्पर, काम, घरातली माणसं, शरीर, चर्चची मंडळी. भाड्याचं घर बदललं, नोकरी गेली, बाळ आलं, वडील गेले, मधुमेह निघाला, एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेलो. ‘बालपण, तारुण्य, संसार’ असे कप्पे करू नका. ते निबंधाचे मुद्दे झाले, त्यात कुणी राहिलेलं नसतं. नावं शक्यतो जागेची द्या: ‘मावशीकडची माडी’, ‘नाशिकरोडची खोली’, ‘सिव्हिलचा वॉर्ड’. चाळिशीच्या माणसाची यादी साधारण बारा ते वीस नावांची होते. तीसच्या वर गेली तर तुम्ही मुक्काम सोडून प्रसंग लिहायला लागला आहात. सातच्या आत आटोपली तर एकेका नावाखाली दोन-तीन घरं दडलेली आहेत.

आठवत नाही, ही तक्रार पहिल्याच दिवशी येते. त्यावर उपाय कपाटात असतो. शाळा सोडल्याचा दाखला, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, जुनं रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, पत्रांच्या पाठीवरचे मु. पो. पत्ते. तारखा आणि जागा यांतून पक्क्या मिळतात. फोटोंच्या अल्बमवर मात्र विसंबू नका. फोटो लग्नाचे, नाताळचे आणि सहलीचे असतात. अल्बममधून काढलेली यादी म्हणजे एलीमच एलीम. रिथमा आणि रिस्साचे फोटो कुणी काढलेले नसतात. घरात आई, आत्या, आजोबा असतील तर त्यांना विचारा, पण ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘बरं होतं’ एवढंच मिळतं. ‘त्या घरात पाणी कुठून भरायचो?’ असं विचारा. मग नळाची वेळ, रांग, शेजारीण, भांडण, सगळं आपोआप बाहेर येतं.

दुसऱ्या रविवारपासून एका मुक्कामाला एक डावं पान. उजवं पान कोरं सोडायचं. ते का, ते पुढं सांगतो. डाव्या पानावर चारच ओळी.

पहिली: कुठून निघालो, कुठं उतरलो, कोणत्या साली.
दुसरी: बरोबर कोण होतं. तीन नावं, जास्त नाही.
तिसरी: पाणी काय होतं. म्हणजे त्या काळात आपण कशावर तगलो. एखादा शेजारी, रात्रपाळीचा भत्ता, संडे स्कूलचे एक गुरुजी, आजीच्या तोंडचं एखादं गीत.
चौथी: कडू काय होतं, किंवा कोण वाटेत गेलं.

चार ओळींची मर्यादा पाळा. लोक सगळ्यात जास्त हीच मोडतात आणि मग वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. कारण साधं आहे: जागा मोकळी सोडली की आयुष्यातले दोन-तीन मोठे प्रसंग सगळी पानं खाऊन टाकतात. कुणाची घटस्फोटावरच सोळा पानं होतात, कुणाची परदेशातल्या नोकरीवर. बाकीचे मुक्काम उपाशी राहतात. सीनायला एक ओळ पुरली, हे डोळ्यांसमोर ठेवा. सविस्तर लिहायचंच असेल तर वेगळी वही करा. पान भरत नसेल तर तेही चालतं. ‘निघालो, उतरलो’ एवढंच लिहून पुढं जा.

एका बसणीत दोन मुक्काम, फार तर तीन. अठरा मुक्काम असतील तर सहा ते नऊ रविवार लागतात. एका रात्रीत सगळी वही भरून टाकणारी उत्साही माणसं असतात; त्यांच्या हाती माहिती लागते, बाकी काही नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सहज जाता जाता म्हटलंय, की होरेबापासून (म्हणजे सीनायपासून) वचनदत्त देशाच्या वेशीवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंत वाट अकरा दिवसांची आहे. ज्यांना चाळीस वर्षं लागली त्यांच्याच पुस्तकात ही नोंद आहे, आणि ती पुसून टाकावी असं कुणाला वाटलं नाही.

लिहून झालं की प्रार्थना. वही पुरी होईपर्यंत थांबायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दहा मिनिटं, एक पान. आधी एक मिनिट नुसतं बसा. मग त्या चार ओळी हळू आवाजात वाचा. मग चारेक मिनिटं त्या जागेत राहा: दार कुठं होतं, उजेड कुठून यायचा, संध्याकाळी कसला वास यायचा. नंतर प्रभूला एकच प्रश्न विचारा: ‘इथं तू कुठं होतास?’ उत्तर म्हणून काही सुचलं, एखादा माणूस आठवला, वचन आठवलं, तर ते तारीख घालून उजव्या पानावर एका ओळीत लिहा. काही सुचलं नाही तर पान कोरं राहू द्या. त्या मुक्कामावरच्या एका नेमक्या गोष्टीसाठी आभार माना आणि वही मिटा.

उजवी पानं सक्तीनं भरणं हा या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका, आणि तो श्रद्धाळू माणसालाच जास्त असतो. आपल्याला शिकवलेलं असतं की प्रत्येक गोष्टीत देवाची योजना आहे. मग बाळ दगावलं त्या पानासमोरही आपण घाईघाईनं एक योजना लिहून टाकतो, देवाची लाज राखायला म्हणून. तसं करू नका. ‘निर्गम’ या पुस्तकातही माराचं पाणी आधी कडूच लागतं, लोक कुरकुर करतात, आणि गोड होतं ते नंतर. स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी उजेडाची ओळ जोडावी असं कुणाला वाटलं नाही. काही पानं दहा वर्षं कोरी राहतील. राहू द्या.

दुसरा बिघाड उलट्या बाजूचा: वही पापांची यादी होते. चौथ्या ओळीत ‘कडू काय होतं’ याऐवजी ‘मी काय चुकलो’ येऊ लागतं. पापकबुलीला जागा आहे, कॅथलिकांकडं प्रायश्चित्त संस्कार आहे, इतरांकडं उपासनेतली कबुली आहे. ती तिथं करावी. गणनेच्या यादीत किब्रोथ-हत्तावा हे नाव आहे. हव्यासापोटी मेलेल्यांना पुरलं ती जागा. तरी यादी तिथं प्रवचन झोडत नाही. नाव घेते आणि पुढच्या हसेरोथला जाते.

तिसरा बिघाड तुलनेचा. भाऊ-बहीण किंवा नवरा-बायको एकत्र लिहायला बसले की हा हमखास होतो. एकाच घराला एक एलीम म्हणतो, दुसरी मारा. दोघांचंही खरं असू शकतं. वह्या वेगळ्या ठेवा आणि पुऱ्या झाल्याशिवाय एकमेकांना दाखवू नका.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. काही मुक्कामांवर मारहाण असते, अत्याचार असतो. असं पान उघडल्यावर छाती धडधडू लागली, झोप उडाली, दिवसच्या दिवस तेच डोळ्यांसमोर येऊ लागलं, तर ते पान तिथंच थांबवा. चार मिनिटं ‘त्या जागेत राहा’ ही सूचना अशा पानाला लागू नाही. ते काम एकट्यानं वहीत करायचं नसतं. समुपदेशकाबरोबर, विश्वासातल्या पाळकाबरोबर किंवा धर्मगुरूंबरोबर करायचं असतं. नुसती प्रार्थना कर म्हणजे सगळं ठीक होईल, असं सांगणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही, मग तो कितीही मोठ्या पदावर असो.

थकलेल्या माणसानंही वहीला लगेच हात घालू नये. एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवदूतानं त्याला आयुष्याचा आढावा घ्यायला सांगितलं नाही. उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. वाट तुला झेपायची नाही, खा, असं सांगितलं. ‘तू इथं काय करतोस’ हा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेबावर आला. क्रम लक्षात घ्या: जेवण, झोप, परत जेवण, मग चालणं, मग प्रश्न. दोन-चार आठवडे झोप पुरी झालेली नसेल तर आधी ती भरून काढा. देवभीरू घरांत झोपेला आळस समजतात. १२७व्या स्तोत्राचं मत वेगळं आहे: झोप हे देवाचं देणं.

रविवारची पंचेचाळीस मिनिटं कुठून आणायची? शनिवारातून. मान्नाचा नियम तोच होता: सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर (ओमर हे तेव्हाचं माप), म्हणजे दुप्पट. शब्बाथाचा, म्हणजे सातव्या दिवसाचा, विसावा आदल्या दिवशीच्या जादा कामावर उभा असतो. शनिवारी संध्याकाळी इस्त्री, भाजी निवडणं, सोमवारचे डबे काय द्यायचे ते ठरवणं, एवढं उरकलं तरी दुपार मोकळी होते. आणि इथं जरा तिखट बोलतो. आपल्या ख्रिस्ती घरांत रविवारचं मटण हा सात संस्कारांनंतरचा जवळजवळ आठवा संस्कार आहे. चर्चमधून आल्यावर घरातली बाई दोन-तीन तास वाटण, रस्सा, भात, चपात्या यांत अडकते, आणि बाकीचे जेवून ‘प्रभूनं दिलेला विसावा’ घेतात. शब्बाथाच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव यांची नावं घेऊन विसावा सांगितलाय. अनुवादात तर दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं कारणही दिलंय. घरात वही कुणी लिहायची हे ठरवण्याआधी भांडी कोण घासणार हे ठरवा. मटण शनिवारी रात्री करून ठेवलं तर रविवारी उलट जास्त मुरतं.

वेगाबद्दल पवित्र शास्त्रातला मला सगळ्यात पटणारा माणूस म्हणजे उत्पत्ती ३३ मधला याकोब. वीस वर्षांनी भाऊ एसाव भेटलाय, तो म्हणतोय चल, बरोबर जाऊ. एसावाबरोबर चारशे माणसं आहेत, त्यांची चाल वेगळी. याकोब सांगतो: लेकरं कोवळी आहेत, मेंढ्या-गाई दुभत्या आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तर कळप मरेल; तुम्ही पुढं व्हा, मी गुरांच्या आणि लेकरांच्या चालीनं हळूहळू येतो. आता याकोब हा लबाड माणूस, त्याला भावापासून सुटकाही हवी होती, हे उघड आहे. पण त्यानं दिलेलं कारण खरं होतं. वही लिहिताना ज्या मुक्कामांवर चौथी ओळ लांबते तिथं पुष्कळदा हेच दिसतं: आपण एसावाच्या चारशेंच्या चालीनं चाललो होतो आणि कळपात कोण मागं पडलं ते बघितलं नाही.

अनुवादाच्या आठव्या अध्यायात आणखी एक सोय आहे. चाळीस वर्षांची वाट आठव, असं सांगून मोशे दोन पुरावे देतो: अंगावरचे कपडे जुने झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत. दोन्ही न घडलेल्या गोष्टी आहेत. म्हणून वही पुरी झाल्यावर एक रविवार फक्त यासाठी ठेवा. प्रत्येक डाव्या पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं, तिथं जे घडलं नाही ते लिहा. आजार बळावला नाही. घरमालकानं बाहेर काढलं नाही. दारू घरात आली नाही. पाचव्यासहाव्या पानापर्यंत लेखणी अडते, मग सुटते.

शेवटचं पान चालू मुक्कामाचं. त्यावर ‘उतरलो’ एवढंच येतं. ‘निघालो’ची जागा रिकामी ठेवायची. गणनेच्या नवव्या अध्यायात लोकांना वाट दाखवणाऱ्या ढगाचा नियम दिलाय: ढग निवासमंडपावर (देवाच्या तंबूवर) दोन दिवस थांबो, महिनाभर थांबो की त्याहून जास्त, तो हलेपर्यंत तळ हलवायचा नाही. हा मुक्काम कधी संपणार याचा अंदाज त्या पानावर लिहू नका. रोजच्यासाठी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याच्या पद्धतीनं संध्याकाळी दिवसाचा आढावा घेणं चांगलं. उपकार आठवणं, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, उद्याचं ठरवणं, अशा त्याच्या पाच पायऱ्या आहेत. पण तो दिवसाचा हिशेब आहे आणि वही वाटेची. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही बिघडतं.

मराठीत असं लेखन कसं दिसतं ते पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ परत काढा. नाशिक, राजनांदगाव, अहमदनगर… बिऱ्हाडं हलतच राहतात, आणि त्यांचे पती ना. वा. टिळक यांच्या १८९५च्या बाप्तिस्म्याइतकीच जागा घरातल्या फजितीलाही मिळते. वही चार ओळींची असली तरी सूर तिथून उचलावा.

वही परत उघडायची वर्षातून एकदा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधीचा रविवार बरा पडतो. नवा मुक्काम सुरू झाला असेल तर नवं पान, नाहीतर फक्त कोऱ्या उजव्या पानांवर नजर टाकायची. मुलांना द्यायची असेल तर मूळ वही न देता उतरवून काढलेली प्रत द्या, आणि उतरवताना दुसऱ्यांची गुपितं असलेल्या ओळी गाळा. तुमची वाट सांगायचा हक्क तुम्हाला आहे, त्यांची नाही. साल आणि जागांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवा. नातवंडांना पुढं तीच लागतात.